बाळासाठी नवे हृदय मागावे का?

प्रश्न : माझा मुलगा सात महिन्यांचा आहे, वजन पाच किलो चारशे ग्रॅम. चौथ्या महिन्यात दूध ओढताना त्याला दम लागू लागला आणि कपाळावर घाम येऊ लागला. सर्दी-कफ समजून आम्ही तीन आठवडे घालवले. मग इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला, तेव्हा हृदय फुगलेले आणि त्याची ताकद २२ टक्क्यांवर आलेली निघाली. मागच्या महिन्यात जनुकीय तपासणीचा अहवाल आला, त्यात बार्थ सिंड्रोम असे लिहिले आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी औषधे दिली आहेत आणि पुढे हृदय प्रत्यारोपणाचा विचार करावा लागेल, मनाची तयारी ठेवा, असे सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, हा दोष माझ्या माहेरचा आहे, कारण माझा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला होता. दीर म्हणतात, एवढ्याशा जिवाची चिरफाड कशाला, दुसरे मूल होऊ द्या. आम्ही यंत्रमागावर पोट भरणारी माणसे आहोत. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इतक्या लहान बाळाचे हृदय खरेच बदलता येते का? बदलले तर आजार जातो का? आणि रोज देवापुढे बसून मी दुसऱ्या कुणाचे तरी बाळ जावे, असे मागते आहे का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, 'तीन आठवडे घालवले' या शब्दांखाली तुम्ही पेनाने दोनदा रेघ ओढली आहे, म्हणून तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी त्या रेघेविषयी लिहिते. मोठ्या माणसाचे हृदय थकले की जिना चढताना कळते. तान्ह्या बाळाला ना चालायचे असते ना चढायचे. त्याच्या दिवसातले सर्वांत कष्टाचे काम म्हणजे दूध ओढणे, म्हणून त्याचा दम तिथेच उघडा पडतो. चार घोट घेऊन थांबणे, पुन्हा लागणे, पुन्हा थांबणे आणि केसांच्या कडेला घामाचे थेंब साचणे, हे हृदय थकल्याचे लक्षण असते. पण त्याच बाळाची छाती वाजत असते, आणि वाजणारी छाती म्हणजे कफ हे आपल्याकडे घरोघरी ठरलेले असते. डॉक्टरही यात फसतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः एका पाच महिन्यांच्या मुलीला चार दिवस वाफ देत बसले होते, आणि पाचव्या दिवशी एक्स-रेमध्ये तिचे हृदय अर्ध्याहून अधिक छाती व्यापून बसलेले दिसले. ज्या बाईने बाळाच्या कपाळावरचा घाम पदराने टिपला आणि तो लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगितला, तिने आपले काम केले आहे. ती रेघ आता पुसून टाका.

आता आजाराविषयी, कारण प्रत्यारोपणाचा निर्णय आजाराच्या नावापासून सुरू होतो. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारी केंद्रे असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. या केंद्रांच्या आतल्या पडद्याला कार्डिओलिपिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ लागतो, आणि तो नीट घडवण्याचे काम टॅफॅझिन नावाचे प्रथिन करते. ज्या जनुकात या प्रथिनाची कृती लिहिलेली असते, त्यात बिघाड झाला की पडदा कच्चा राहतो आणि सर्वाधिक ऊर्जा मागणारे स्नायू, म्हणजे आधी हृदय आणि मग हातापायांचे स्नायू, कमी पडू लागतात. पीटर बार्थ या डच बालमेंदुतज्ज्ञांनी १९८३ मध्ये एका कुटुंबातील मुलग्यांवरून या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. जनुक १९९६ मध्ये सापडले. हृदयाबरोबर या मुलांच्या रक्तातील न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कमी असतात किंवा अधूनमधून अगदी तळाला जातात, वाढ मंद असते आणि स्नायू मऊ असतात. बुद्धी मात्र बहुतेक मुलांची चांगली असते. काहींना गणितासारख्या विषयात थोडा त्रास होतो. ही बुद्धीची गोष्ट मी मुद्दाम लिहिली, कारण 'जनुकीय आजार' हे शब्द ऐकले की घरातली मंडळी मुलाच्या संपूर्ण भविष्यावर फुली मारतात, आणि तुमच्या दिरांच्या बोलण्यात मला तेच ऐकू आले.

नाव हातात आले, ही या घडीची सर्वांत मोलाची गोष्ट आहे. हृदय फुगलेली अनेक बाळे नावाविनाच प्रत्यारोपणाच्या चर्चेपर्यंत पोहोचतात, आणि त्यांच्यातल्या काहींना प्रत्यारोपण मुळीच लागणार नसते. शरीरात कार्निटिन पोहोचवण्याचा जन्मजात दोष असलेल्या बाळाचे हृदय कार्निटिनचे औषध तोंडाने दिल्यावर पूर्वपदावर येऊ शकते. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फार कमी झालेल्या तान्ह्यांचे हृदयही असेच फुगते आणि कॅल्शियम भरून काढल्यावर सावरते. भर उन्हाच्या आपल्या देशात हे पाहावे लागते, याचे मला आजही वाईट वाटते. हृदयाची धमनी जन्मतःच चुकीच्या जागेवरून निघालेली असेल तर ती शस्त्रक्रियेने जागेवर लावता येते. पॉम्पे या जन्मजात आजारात कमी पडणारे विकर (एन्झाइम) २००६ पासून औषधाच्या रूपात उपलब्ध आहे. उलट, ज्या मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत मेंदूही वेगाने खालावत जातो, तिथे नवे हृदय बसवूनही मूल वाचत नाही, आणि बहुतेक केंद्रे प्रत्यारोपण सुचवत नाहीत. तुमच्या मुलाचा आजार यांपैकी कशातच बसत नाही. औषधाने मुळातून जाईल असा तो नाही, पण नव्या हृदयाचा उपयोगच होणार नाही असाही नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. बार्थ सिंड्रोममध्ये हृदयाची अवस्था पुष्कळदा पहिल्या वर्षातच सर्वांत वाईट असते. हा काळ औषधांवर, योग्य आहारावर आणि संसर्गापासून सांभाळून निभावला, तर अनेक मुलांच्या हृदयाची ताकद पुढे वाढते आणि बालपणभर बऱ्यापैकी टिकते. ती पुन्हा घसरूही शकते, म्हणून तपासण्या सुटत नाहीत. आजचा २२ हा आकडा आजचा आहे. अमेरिकेत १९९९ ते २००६ या काळात हृदयाच्या प्रतीक्षायादीवर आलेल्या तीन हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, त्यात सर्व प्रकारचे हृदयविकार होते. १७ टक्के मुले वाट पाहतानाच गेली, आणि ८ टक्के मुले इतकी सुधारली की त्यांना हृदयाची गरज राहिली नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत, म्हणून एकाच वाक्यात लिहिले.

तुमचा पहिला प्रश्न : इतक्या लहान बाळाचे हृदय बदलता येते का? येते. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९६७ मध्ये माणसाचे पहिले हृदय प्रत्यारोपण झाले, त्यानंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी तीन आठवड्यांच्याही आतल्या एका बाळाचे हृदय बदलले. ते बाळ काही तासच जगले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी एका प्रौढ रुग्णावर हा प्रयत्न केला, तोही रुग्ण वाचला नाही. त्या काळी शरीराने परका अवयव नाकारू नये यासाठी चांगले औषध नव्हते. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा येथे डॉ. लेनर्ड बेली यांनी चार दिवसांच्या बाळाला दुसऱ्या बाळाचे हृदय बसवले, आणि तो मुलगा वाढून प्रौढ माणूस झाला. आज जगभरातील नोंदींवरून दिसते की, तान्हेपणी हृदय मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण २० वर्षांच्या पुढे जातात, आणि हा काळ किशोरवयात हृदय मिळालेल्यांपेक्षा जास्त आहे. पहिल्या काही महिन्यांतला धोका मात्र तान्ह्यांना अधिक असतो. तो धोका ओलांडला की त्यांच्या न पिकलेल्या प्रतिकारशक्तीचाच त्यांना फायदा होतो. त्यांचे शरीर परक्या हृदयाशी अधिक सहज जुळवून घेते.

याच कारणाने तान्ह्यांच्या बाबतीत रक्तगटाचा नियमही थोडा सैल होतो. टोरांटोच्या बालरुग्णालयात डॉ. लोरी वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून न जुळणाऱ्या रक्तगटाची हृदये तान्ह्यांना बसवून दाखवली, आणि २००१ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या रक्तगटाविरुद्धची प्रतिद्रव्ये (अँटिबॉडीज) बाळाच्या शरीरात जन्मतः फारशी नसतात, ती वर्षभरात हळूहळू तयार होतात. तोवर ही खिडकी उघडी असते. तुमचा मुलगा सात महिन्यांचा आहे. त्याच्या रक्तातील ही प्रतिद्रव्ये मोजून घेता येतात का आणि तुमचे केंद्र असे प्रत्यारोपण करते का, हे पुढच्या भेटीत विचारा. आकाराचे गणितही वाटते तितके कठीण नाही. फुगलेल्या हृदयाने छातीत आधीच मोठी जागा करून ठेवलेली असते, त्यामुळे बाळाच्या दुप्पट किंवा कधी त्याहूनही अधिक वजनाच्या दात्याचे हृदय बसू शकते. म्हणजे साडेपाच किलोच्या बाळासाठी दहा-बारा किलोचे, वर्ष-दीड वर्षाचे मूलही दाता ठरू शकते.

खरी अडचण दात्याची आहे. हृदय शरीराबाहेर साधारण चार तास टिकते, लहान मुलांत त्याहून थोडे अधिक, आणि तेवढ्या वेळात ते काढून, आणून, बसवून सुरू करावे लागते. आपल्या देशात एवढ्या लहान मुलांचे अवयवदान फार क्वचित होते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतच्या चौदा महिन्यांच्या मुलाचे हृदय विमानाने आणून मुलुंडच्या एका रुग्णालयात नवी मुंबईच्या तीन-साडेतीन वर्षांच्या मुलीला बसवले गेले. त्या मुलीचेही हृदय तुमच्या मुलासारखेच फुगलेले होते आणि तिने वर्षाहून अधिक काळ वाट पाहिली होती. ही बातमी आशेची आहे, तशीच ती किती दुर्मीळ गोष्ट आहे याचीही आहे, कारण त्या दिवशी ती देशभर गाजली. वाट पाहण्याच्या काळात हृदय पूर्ण थकले तर छातीबाहेर ठेवलेल्या पंपाचा आधार देता येतो. लहान मुलांसाठी बर्लिन हार्ट नावाचे असे यंत्र आहे, ते पाच किलोच्या आसपासच्या बाळालाही लावता येते. पण त्यात रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघात होण्याचा धोका मोठा असतो आणि खर्च भयंकर असतो.

तुमचा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर मी थोडी रेंगाळणार आहे. हृदय बदलले तर आजार जातो का? जात नाही. दात्याच्या हृदयातील पेशी दात्याच्या असतात, त्यांत टॅफॅझिन असते, म्हणून त्या हृदयाला बार्थ सिंड्रोम होत नाही. मात्र बाकीचे शरीर तुमच्या मुलाचेच राहते. त्याचे स्नायू मऊच राहतील, तो इतर मुलांपेक्षा लवकर थकेल, खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असेल, आणि न्यूट्रोफिल कमी होण्याची सवय रक्त सोडणार नाही. या शेवटच्या गोष्टीमुळे बार्थच्या मुलाचे प्रत्यारोपण इतरांपेक्षा नाजूक होते. नवे हृदय नाकारले जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात, आणि ज्याच्या शरीरात आधीच शिपाई कमी आहेत त्याचे उरलेले शिपाईही आपण बराकीत बसवतो. त्यातली मायकोफेनोलेटसारखी काही औषधे अस्थिमज्जेवर भार टाकून पांढऱ्या पेशी आणखी घटवतात, म्हणून या मुलांसाठी औषधांची निवड आणि मात्रा फार विचारपूर्वक ठरवावी लागते, आणि गरजेप्रमाणे पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रॅस्टिमची इंजेक्शने चालू ठेवावी लागतात. तुम्ही ज्या केंद्रात जाल तिथे हा प्रश्न सरळ शब्दांत विचारा : न्यूट्रोफिल कमी असलेल्या बाळाला तुम्ही कोणती औषधे द्याल, आणि रक्तविकारतज्ज्ञ तुमच्या चमूत आहेत का? या प्रश्नाला ज्यांच्याकडे तयार उत्तर आहे, त्यांनी तुमच्या मुलाच्या आजाराचा अभ्यास केला आहे असे समजा.

प्रत्यारोपणानंतरचा दिवस कसा असतो तेही ऐका, कारण घरच्यांच्या कल्पनेत शस्त्रक्रिया झाली की फुलांचा हार घालून मूल घरी येते आणि गोष्ट संपते. टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सकाळी आठ आणि रात्री आठ असे घड्याळ लावून आयुष्यभर द्यावे लागते. सुईविना सिरिंजमध्ये ०.४ मिलीची बारीक रेघ डोळ्यांसमोर धरून, बुडबुडा काढून, बाळाच्या गालाच्या आत सोडायचे आणि त्याने उलटी केली तर किती गेले याचा अंदाज बांधून डॉक्टरांना फोन करायचा, हे काम तुम्हाला आणि घरातील आणखी एका माणसाला झोपेतून उठूनही अचूक करता आले पाहिजे. त्या औषधाची रक्तातील पातळी वारंवार तपासतात. पपनस आणि त्याच्या जातीची ग्रेपफ्रूटसारखी फळे ती पातळी एकदम वाढवतात, म्हणून गणपतीच्या दिवसांत घरी आलेल्या पपनसाची फोड त्याच्या तोंडी कोणी लाडाने लावू नये, हेही आजीला आधीच समजावून ठेवावे लागते. मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाचा मोहरीएवढा तुकडा काढून तपासणे, क्षयरोगाच्या माणसापासून दूर ठेवणे, पाणी उकळून देणे, तापाला कधीही साधा ताप न समजणे, हे सगळे त्यात येते. जिवंत जंतूंच्या लसी प्रत्यारोपणानंतर सहसा देता येत नाहीत, म्हणून नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस केव्हा द्यायची हे आत्ताच हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. पुढे काही वर्षांनी नव्या हृदयाच्या धमन्या आतून अरुंद होऊ शकतात, आणि एखाद्याला दुसऱ्या प्रत्यारोपणाचीही गरज लागते. हे सर्व सांभाळूनही मुले शाळेत जातात, खेळतात, भांडतात. बसवलेले हृदय मुलाबरोबर वाढते.

तुम्ही इंटरनेटवर एलामिप्रेटाइड या औषधाविषयी वाचले असेल किंवा कोणीतरी लवकरच ते सांगेल. बार्थ सिंड्रोमसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली आहे, पण ती किमान ३० किलो वजनाच्या रुग्णांसाठी आहे. ते तुमच्या मुलाच्या उद्याच्या कामाचे असेल. आज त्यासाठी कर्ज काढू नका.

मग माझे मत काय? प्रत्यारोपणासाठीचे मूल्यमापन आत्ताच करून घ्या, आणि यादीत नाव घालण्याचा निर्णय बाळाच्या प्रकृतीवर सोडा. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि आपल्याकडे लोक त्यांची गल्लत करतात. मूल्यमापनाला होकार देणे म्हणजे शस्त्रक्रियेला होकार देणे नव्हे. त्यात फुप्फुसांतील रक्तदाब मोजतात, कारण तो फार वाढून बसला असेल तर नव्या हृदयाची उजवी बाजू त्या दाबापुढे टिकत नाही, आणि हे उशिरा कळले तर वाट बंद झालेली असते. मूत्रपिंड, यकृत, रक्तगट, प्रतिद्रव्ये यांच्या नोंदी तयार राहतात. घाईने यादीत गेलेले बार्थचे बाळ कदाचित औषधांवरच सुधारले असते. आणि उशिराने पाठवलेले बाळ शस्त्रक्रिया सोसण्याच्या पलीकडे गेलेले असते. यांच्यामधली वाट तपासण्यांनीच सापडते. पूर्ण औषधे आणि नळीने दूध देऊनही दोन महिन्यांत वजन हलत नसेल, मिलरिनोनसारखे शिरेतले औषध थांबवले की पुन्हा अतिदक्षता विभागात जावे लागत असेल, हृदयाचे ठोके धोकादायक रीतीने चुकत असतील, किंवा लघवी कमी होऊन मूत्रपिंड थकू लागले असेल, तर यादीची वेळ आली असे समजतात. त्यातले आज काही नसेल तर फ्युरोसेमाइड, एनालाप्रिल, कार्व्हेडिलॉल अशी जी औषधे चालू आहेत ती एक वेळही न चुकवता देणे हाच आजचा उपचार आहे. त्याच्या जोडीला दोन नियम पाळा. बाळाला १००.४ अंशांच्या वर ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन न्यूट्रोफिल मोजून घ्या, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. आणि त्याला फार वेळ उपाशी ठेवू नका. या मुलांची साखर लवकर उतरते, म्हणून रात्री किती तासांनी उठवून दूध द्यायचे तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सर्व माहिती घेऊन, सर्व प्रश्न विचारून, तुम्ही दोघांनी प्रत्यारोपण नको असे ठरवले, तर तो निर्णयही आई-बापांचाच असतो आणि त्यात प्रेमाची उणीव नसते. मग वेदना आणि दम कमी ठेवणारी शुश्रूषा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती मागितली म्हणून इतर औषधे बंद होत नाहीत. मात्र तो निर्णय तुमचा असू द्या. दिरांच्या एका वाक्याने ठरलेला नको.

तिसरा प्रश्न : दुसऱ्या कुणाचे बाळ जावे, असे तुम्ही मागता आहात का? तुम्ही तो सर्वांत शेवटी आणि बारीक अक्षरात लिहिला आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या मुलाचा मेंदूमृत्यू चार डॉक्टर दोन वेळा, किमान सहा तासांच्या अंतराने तपासून ठरवतात. लहान बाळांत त्याहून अधिक वेळ घेण्याचा आग्रह धरला जातो. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणी त्या चौघांत नसते. ते जेव्हा त्या खाटेजवळ उभे असतात, तेव्हा तुमच्या मुलाचे नाव, त्याचा रक्तगट, त्याचे २२ टक्के, यातले काहीही त्या खोलीत नसते. ते मूल कुठल्या तरी अपघाताने, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेलेले असते, आणि तुम्ही देवापुढे बसला असता किंवा नसता तरी गेलेच असते. मृत्यू निश्चित झाल्यानंतरच त्याच्या आई-बापांना विचारले जाते, आणि अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत होकार देण्याचा अधिकार कायद्याने त्या आई-बापांनाच दिला आहे. तुमची प्रार्थना त्या मुलाच्या मरणापर्यंत पोहोचत नाही. पोहोचायचीच असेल, तर ती त्या आईच्या होकारापर्यंत पोहोचावी, असे मी म्हणेन. तुम्ही देव मानता म्हणून लिहिते : 'तिला बळ दे' एवढे मागा. माझ्या नोकरीत मी तान्ह्या मुलाचे अवयव देणारी एक जोडी जवळून पाहिली. त्या बाईने सही करण्याआधी एकच गोष्ट विचारली होती, की ज्याला हे मिळेल ते बाळ रात्री झोपेल ना नीट. त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला होता.

आता सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. त्यात वस्तुस्थितीचा एक धागा आहे आणि न्यायाचा एकही नाही. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बाईकडे दोन एक्स असतात, म्हणून एक बिघडला तरी दुसरा भागवतो आणि तिला काही त्रास होत नाही; अशा बाईला वाहक म्हणतात. मुलग्याकडे एकच असतो, आणि तो आईकडून आलेला असतो. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता पन्नास टक्के असते, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही तेवढीच. कधी कधी बिघाड बाळातच नव्याने झालेला असतो आणि आई वाहकही नसते, म्हणून तुमची स्वतःची तपासणी होईपर्यंत कोणीच काही ठरवू नये. परंतु आठ महिन्यांचा तुमचा भाऊ न्यूमोनियाने गेला, हे वाचून मी थबकले. त्या काळी इको गावोगावी नव्हते, आणि फुगलेल्या हृदयाचे बाळ न्यूमोनियाच्याच नावावर जात असे. तसे असेल तर तुमच्या आईने एक मूल नाव न कळता गमावले आणि तुम्ही दुसरे मूल नाव कळून जपता आहात. यात दोष कोणाचा? हे निवडून कोणी कोणाला देत नाही. डोळ्यांचा रंग द्यावा तसे हेही आपोआप जाते. सासूबाईंना हा परिच्छेद बाळाच्या बाबांनी वाचून दाखवावा, तुम्ही नव्हे.

त्या धाग्याचा उपयोग मात्र करून घ्या. तुम्हाला बहिणी असतील, मावशीच्या मुली असतील, तर त्यांनाही ही रक्ततपासणी करून घ्यायला सांगा, विशेषतः मूल होण्याआधी. दिरांच्या 'दुसरे मूल' या सल्ल्याबद्दल एवढेच, की दुसरे मूल पहिल्याच्या जागी येत नसते, आणि तपासणीविना ते आले तर हाच प्रसंग पुन्हा उभा राहू शकतो. तुम्ही वाहक निघालात तर पुढच्या गर्भारपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश घेऊन हा आजार तपासता येतो. गर्भलिंग सांगायला कायद्याने बंदी आहे, पण लिंगाशी निगडित जनुकीय आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात करायला तोच कायदा परवानगी देतो. ते सारे पुढचे. आज पाळण्यात एक मूल आहे.

पैशाविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली, पण तिचे वजन मला कळते. शस्त्रक्रियेचा खर्च लाखांत जातो आणि नंतरची औषधे दर महिन्याला लागतात, म्हणून एकरकमी मदतीबरोबर महिन्याचा हिशेबही आधीच मांडा. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे. तुमच्या मुलाचा आजार आणि त्याचा उपचार त्यात कुठे बसतो, हे तिथल्या जनुकीय विभागात अहवाल दाखवून विचारा. मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांचे अर्ज रुग्णालयाच्या अंदाजपत्रकाशिवाय पुढे सरकत नाहीत, ते आधी घ्या. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून तो थेट रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात द्या, चौकशीच्या खिडकीवर नव्हे. हे सगळे करून पाहण्याआधी घर विकण्याची किंवा दागिने मोडण्याची वेळ आणू नका.

मुंबईला जाताना एक शंभर पानी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर औषधांची नावे, मिलीमधली मात्रा आणि वेळा लिहा. पुढच्या पानापासून रोजचे वजन, दर वेळी किती मिली दूध गेले, किती वेळ लागला आणि कपाळाला घाम आला का, एवढेच टिपत जा. इकोच्या सर्व प्रती, जनुकीय अहवाल आणि लसीकरणाचे कार्ड एका फाइलमध्ये ठेवा. फोन लावणे, अर्जांच्या मागे फिरणे, तहसील कचेरीत रांगेत उभे राहणे ही कामे बाळाच्या बाबांकडे आणि दिरांकडे द्या. दिरांना बाळाची काळजी आहे म्हणूनच ते बोलले, त्या काळजीला आता काम मिळू द्या. आणि रात्रीच्या एका तरी दुधाची पाळी सासूबाईंवर सोपवा, म्हणजे तुम्हाला सलग चार तास झोप मिळेल.